तिसरी नळी

वरच्या शेतातला गहू वीतभर झाला तेव्हा त्यात रिकाम्या ओळी दिसल्या. बारा ओळी भरलेल्या, मग एक रिकामी, चार ओळी भरलेल्या, मग एक रिकामी, पुन्हा बारा. पेरणी दोन दिवस चालली होती. पहिल्या दिवशीच्या पहिल्या सव्वीस फेऱ्यांत हा प्रकार होता आणि त्यानंतर संध्याकाळपर्यंत एकही ओळ रिकामी नव्हती. दुसऱ्या दिवशी पहिल्या चौतीस फेऱ्यांत तेच, आणि नंतर पुन्हा काही नाही. बियाणे मात्र दोन्ही दिवशी ठरल्याइतकेच संपले होते.

हे आकडे मोजपट्टीने काढले होते. मोजपट्टी ही घरची मुलगी; भौतिकशास्त्र शिकून ती घरी परतली तेव्हापासून गोठ्यातल्या दुधाच्या तापमानापासून ट्रॅक्टरच्या टायरमधल्या हवेपर्यंत काहीही मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. म्हणून काकांनी तिचे नाव मोजपट्टी ठेवले होते आणि ते असे काही चिकटले की खरे नाव आता फक्त टपालवाल्यापुरते उरले होते.

तिच्या वडिलांना मोजमापाची गरज भासली नाही. ते बांधावर उभे राहिले, कमरेवर हात ठेवून शेतावरून एकदा नजर फिरवली आणि निष्कर्ष काढून मोकळे झाले. ट्रॅक्टर त्यांचा धाकटा भाऊ चालवत असे. उन्हाळ्यात त्याच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. रोज सकाळी डोळ्यांत थेंब घातले की काही वेळ त्याला धूसर दिसते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. सकाळी धूसर, नंतर स्वच्छ. सकाळी रिकाम्या ओळी, नंतर भरलेल्या. म्हणजे नळी तुंबलेली त्याला दिसली नाही. वडिलांनी तिथल्या तिथे ठरवून टाकले की सोमवारी खालच्या शेतातला वाटाणा शेजाऱ्याचे यंत्र आणि शेजाऱ्याचा ड्रायव्हर पेरेल, आणि यापुढे काकांनी गोठा सांभाळावा.

काका त्या सीटवर एकतीस वर्षे बसले होते. सीट तीन वेळा बदलली होती, काका नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. जेवताना एवढेच म्हणाले, "गोठ्यात डोळे लागत नाहीत वाटतं."

"लागतात," वडील म्हणाले, "पण गायी ओळीत उगवत नाहीत."

काकूंनी भाताचे पातेले जरा जोरातच खाली ठेवले. काकांनी उरलेला घास तसाच ठेवून हात धुतले. तो आवाज आणि तो अर्धा घास या दोहोंमुळे मोजपट्टीने त्या रात्री ठरवले की सोमवारच्या आत कारण सापडले पाहिजे. काकांविषयी तिला माया होती, पण तिचा मुद्दा वेगळा होता. धूसर दिसल्यामुळे तुंबलेली नळी लक्षात येणार नाही हे मान्य. पण धूसर दिसल्यामुळे नळी तुंबत नाही. वडिलांनी न दिसण्याचे कारण सांगितले होते, होण्याचे नव्हे.

दुसऱ्या दिवशी ती कागद घेऊन बसली. पेरणीयंत्राला नऊ नळ्या होत्या. ट्रॅक्टर जाताना एका दिशेने आणि येताना उलट दिशेने पेरतो, त्यामुळे यंत्राची डावी बाजू आलटून पालटून बदलते. बारा आणि चार हे अंतर, शिवाय सुरुवातीच्या बांधापासून तिसरी ओळ रिकामी, असे फक्त एकाच परिस्थितीत घडते: डावीकडून तिसरी नळी बंद, बाकीच्या आठ चालू. दोन्ही दिवशी तीच.

मग ती पुन्हा शेतात गेली आणि गुडघ्यांवर बसून रिकामी ओळ पाहू लागली. ओळीच्या आजूबाजूला, मातीच्या अगदी वर, गव्हाची दोनचार चुकार रोपे होती, मुळे अर्धवट उघडी. पेरलेला गहू तीन बोटे खोल जातो. हा वरून सांडलेला होता. आणि जिथे रिकाम्या ओळींचा प्रकार संपत होता, तिथे, बांधालगत, ट्रॅक्टर वळतो त्या जागी, मूठभर गहू एकाच ठिकाणी दाटीने उगवला होता. पेरणीच्या दुसऱ्या दिवशीच्या शेवटच्या रिकाम्या ओळीपाशीही तसाच एक पुंजका होता, तोही बांधालगतच. म्हणजे नळीत बी साठत होते आणि एका क्षणी, ट्रॅक्टर थांबलेला असताना, ते एकदम सुटले होते.

तिने काकांना विचारले की पेरताना काही वेगळे जाणवले का. काकांनी विचार करून सांगितले की पाखरे फार होती. सकाळी मागे नुसती झुंबड, दुपारी एकही नाही. वडील म्हणाले, पाखरांनाही दुपारी झोप येते. मोजपट्टीने मात्र ते लिहून घेतले. सांडलेले बी कुठे गेले, हे तिला कळले होते.

मिस्त्रीला बोलावले. यंत्रांची दुरुस्ती करणारा हा माणूस कोणत्याही बिघाडाचे कारण यंत्र पाहण्याआधीच सांगत असे. त्याने दव हे कारण सांगितले. पहाटेच्या दवाने बी ओलसर होते, नळीला चिकटते, ऊन चढले की सुटते. दुसऱ्या दिवशी ढग होते, म्हणून ऊन उशिरा चढले आणि ओळी जास्त फेऱ्या रिकाम्या राहिल्या. हे स्पष्टीकरण वाईट नव्हते. ढगांचा मुद्दा तर मोजपट्टीला स्वतःला सुचला नव्हता, आणि त्याचा तिला थोडा रागही आला.

"पण दव काय फक्त तिसऱ्याच नळीवर पडतं?" तिने विचारले.

"एकेका नळीचा स्वभाव असतो, ताई," मिस्त्री म्हणाला.

स्वभाव हे मोजण्याजोगे परिमाण नसल्याने तिने चाचणी घेतली. दोन दिवस, भल्या सकाळी, दव असताना, काकांनी अंगणात यंत्र चालवले आणि तिने प्रत्येक नळीखाली डबा धरला. नऊही डब्यांत दोन्ही दिवशी सारखे बी पडले. वडिलांनी डबे पाहिले, "यंत्र ठीक आहे, मग राहिलं कोण?" एवढेच म्हणाले, आणि शेजाऱ्याला सोमवारची आठवण करून द्यायला निघून गेले.

ती डब्यांकडे पाहत बसली. शेतात नळी बंद पडते, अंगणात पडत नाही. तेव्हा शेतात असे काहीतरी होते, जे अंगणात नव्हते. काय, हे आठवून सांगता येत नसेल तर सगळेच जसेच्या तसे पुन्हा करणे हा एकच मार्ग उरत होता. तिने वडिलांकडून सोमवारी सकाळचा एक तास मागून घेतला. शेजारी येण्यापूर्वी काकांनी दोन फेऱ्या पेरायच्या, तिने आणि वडिलांनी मागून चालायचे. काकांना तिने बजावले की पेरणीच्या दिवशी जे जे करता ते सगळे करा, काही वगळू नका.

"टोपीसुद्धा तीच घालायची का?" वडिलांनी विचारले.

"तीच," ती म्हणाली.

सोमवारी काका तीच टोपी घालून आले. डोळ्यांत थेंब घातलेले होते. मागोमाग काकू पाण्याचा कॅन घेऊन आल्या. दहा लिटरचा पांढरा कॅन, भोवती ओले गोणपाट गुंडाळलेले. उन्हाळ्यातच काकांना मुतखड्याचा त्रास झाला होता आणि डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितले होते. तेव्हापासून जुनी दोन लिटरची बाटली जाऊन हा कॅन आला होता. ट्रॅक्टरवर ठेवला तर इंजिनाने पाणी तापते, म्हणून काका तो मागे पेरणीयंत्राच्या आडव्या दांडीला, वाऱ्यावर टांगत. दोरीने टांगला तेव्हा धक्क्यांनी त्याची मूठ तडकली होती, म्हणून आता सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली होती. रबर धक्के सोसते. यातला प्रत्येक निर्णय शहाणपणाचा होता.

काकांनी कॅन अडकवला. पट्टी ताणली गेली आणि कॅन हातभर खाली उतरला.

पहिली फेरी सुरू झाली. वीसेक पावले सगळे ठीक होते. मग डावीकडच्या एका नळीच्या तोंडावरचे चाडे, म्हणजे पेटीतून बी ज्यात पडते ते नरसाळे, काठोकाठ भरले आणि हिरवे वाटाणे टपटप मातीवर पडू लागले. दोन मैना कुठूनशा येऊन उतरल्या.

मोजपट्टीने हात वर केला. काका थांबले, उतरले आणि मागे आले. ती खाली वाकली होती. भरलेला कॅन तिसऱ्या नळीवर टेकला होता आणि त्याच्या भाराने काळी मऊ नळी मधोमध दुमडली होती.

"काका, पाणी प्या," ती म्हणाली.

"आत्ता तहान नाहीये."

"मग ओता."

काकांनी कॅन तिरका करून तीनचार लिटर पाणी बांधावर ओतले आणि पुन्हा अडकवला. पट्टी आखडली, कॅन चार बोटे वर राहिला, नळी सरळ झाली, आणि तिच्यातून मूठभर वाटाणे एकदम खाली पडले.

वडील ट्रॅक्टरवर चढले, सीटवर बसले आणि मान वळवून मागे पाहिले. सीटवरून तिसरी नळी दिसत नव्हती. तिच्या आणि पाहणाऱ्याच्या मधोमध कॅन होता. वडिलांचे डोळे उत्तम होते; त्यांनी दोनदा मान वळवली, एकदा उठूनही पाहिले.

"नाही दिसत," ते म्हणाले.

"मी तरी काय वेगळं म्हणत होतो," काका म्हणाले. खरे तर नळी दिसते की नाही यावर ते आजवर काहीच म्हणाले नव्हते.

वडील उतरले. त्यांनी शेजाऱ्याला फोन करून यंत्र आणू नको म्हणून सांगितले. त्याने कारण विचारले असावे, कारण "पाणी" एवढे उत्तर देऊन त्यांनी फोन ठेवला. मग स्वतःच्या हाताने कॅन काढला आणि ट्रॅक्टरच्या पायरीशी बांधला. काकूंनी पाणी तापेल म्हणून तक्रार केली. वडील म्हणाले, तापू दे, डॉक्टरांनी गार प्यायला सांगितलेलं नाही. काका सीटवर बसले आणि संध्याकाळपर्यंत वाटाणा पेरून झाला. नऊ नळ्या, सगळ्या चालू.

बियाण्याच्या पेटीच्या झाकणाला आतून कोणत्या पिकाला यंत्र किती अंकावर लावायचे ते रंगाने लिहिलेले असे. त्याखाली मोजपट्टीने बारीक ब्रशने लिहिले:

"गव्हात तिसऱ्या नळीची ओळ चुकण्याचे कारण: रबरी पट्टीवर टांगलेला भरलेला पाण्याचा कॅन. त्याच्या वजनाने पट्टी ताणली जाऊन कॅन नळीवर टेकतो व नळी दुमडते. बी चाड्यातून मातीवर सांडते व पाखरे खातात. पाणी पिऊन कॅन हलका झाला की नळी सुटते. उन्हात पाणी लवकर संपते, ढगाळ दिवशी उशिरा. दवाचा संबंध नाही. डोळ्यांचा संबंध नाही."