हॅल्विक साहेबांनी बंद केलेलं पाणी

मोडकं, गळकं, वास मारणारं, माणसांच्या जिवावर उठलेलं. मधली अकरा वर्षं या गावात माझी ओळख अशीच करून दिली जायची. मित्रांनो, मी मिल स्ट्रीटवरचं जुनं स्टेडियम. मी चांगलाच खुनशी आहे, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून तक्रार नको.

ओहायोतल्या या सरोवराकाठच्या गावात पोलादाच्या भट्ट्या होत्या. त्यांत राबणाऱ्या लोकांनी कर भरून १९६१ साली मला बांधलं. बेसबॉलचा आमचा संघ हेरन्स. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गावातल्या शाळांमधून चारशे मुलं आणली होती. प्रत्येक शौचालयात एकेक मूल उभं केलं, इंजिनिअरने शिट्टी मारली आणि सगळ्यांनी एकदम फ्लश ओढला. हसू नका. मध्यंतरात तीस हजार माणसं एकदम उठतात, तेव्हा माझे पाइप टिकतात की नाही, हे आधी बघावंच लागतं. इथे प्रत्येक नव्या स्टेडियमची परीक्षा अशीच होते. मी पहिल्याच फटक्यात पास झालो. तिसऱ्या स्टँडखाली डोरीन हुडाक नावाची आठ वर्षांची मुलगी होती. तिने गंमत म्हणून दोनदा ओढला आणि बाईंचा धपाटा खाल्ला.

हीच डोरीन पुढे माझी प्लंबर झाली. एकतीस वर्षं तिने माझी पोटातली दुखणी काढली. कुठला पाइप थंडीत कुरकुरतो, कुठला नळ नुसताच नाटकं करतो, सगळं तिला पाठ होतं. दुपारी माझ्या पोटातल्या पाइपांच्या बोगद्यात बसून ती मोहरीची चटणी लावलेलं सॉसेज खायची आणि माझ्याशी गप्पा मारायची. मला तेवढं पुरत असे.

मग ग्रँट हॅल्विक आला. त्याने संघ विकत घेतला. मी मात्र गावाचाच राहिलो. तो भाडेकरू आणि डागडुजीची जबाबदारी त्याची, असा करार होता. पण त्याला सरोवरालगत नवं, चकचकीत स्टेडियम हवं होतं आणि तेही गावाच्या पैशाने. धडधाकट स्टेडियम पाडायला कोण मत देणार? म्हणून एके दिवशी तो खाली बोगद्यात उतरला.

"डोरीन, मुख्य व्हॉल्व्ह यापुढे अर्धाच उघडा ठेव."

"अर्ध्यावर वरच्या मजल्याला पाणी चढायचं नाही, साहेब. घाण वास सुटेल."

"मग सुटू दे की."

डोरीन रोज सकाळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडायची. दुपारी हॅल्विकचा माणूस येऊन तो पुन्हा फिरवायचा. पंधरवडा हा खेळ चालला आणि डोरीनची नोकरी गेली. व्हॉल्व्हच्या चाकाला कुलूप लागलं. मी तहानेने कोरडा पडलो. लोक नाकाला रुमाल लावून येऊ लागले आणि मलाच शिव्या देऊ लागले.

तेही मी सोसलं असतं. पण हॅल्विकने पत्रकारांना बोलावून माझी कोरडी शौचालयं दाखवली आणि म्हणाला, "पाइप कुजलेत. जुन्या प्लंबरबाईने एकतीस वर्षं नुसत्या चिंध्या गुंडाळल्या, त्याची ही फळं." दुसऱ्या दिवशी डोरीन पाव आणायला गेली, तर दुकानदाराने तिच्याशी नजर मिळवली नाही. त्या दिवसापासून मी हॅल्विकवर डूख धरला.

नोव्हेंबरात मतदान ठरलं. नव्या स्टेडियमसाठी तीस वर्षं वाढीव विक्रीकर द्यायचा की नाही? हो म्हटलं की मी जमीनदोस्त आणि डोरीनच्या नावावरचा डाग कायमचा. त्याआधी नगरसभेत सुनावणी झाली. तिथे कुणालाही माइकवर तीन मिनिटं बोलता येतं. सहासष्ट वर्षांची डोरीन गुडघा धरत उभी राहिली.

"मला तीन मिनिटं नकोत," ती म्हणाली. "त्या कुलपाची किल्ली द्या आणि चारशे माणसं द्या. पुन्हा एकदा सगळे फ्लश एकदम ओढू. कुणाला खरंच लागली असेल तर अजून चांगलं."

सभा खदखदून हसली. सगळ्यांत मोठ्याने हॅल्विक हसला. इतकी वर्षं तेच खोटं सांगून त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला होता. पाइप खरोखरच कुजलेत, ते सगळ्यांदेखत फुटतील आणि आपण मतदान जिंकू, असं त्याला वाटलं. टीव्हीवाल्यांना त्यानेच निमंत्रण दिलं.

शनिवारी दुपारी पाहुण्यांना घेऊन तो आपल्या खास खोलीत बसला. ही खोली मैदानाला लागून, सगळ्यांत खाली. माझ्या दुरुस्तीचे पैसे वळवून त्याने ती बांधली होती. तिचे पाइप मेव्हण्याने टाकलेले, करंगळीएवढे, आणि कुणाला न विचारता माझ्या मुख्य मलवाहिनीला जोडलेले.

नगरसेविका इमानी टॅलबर्टनी स्वतः व्हॉल्व्ह उघडला. काय सांगू मित्रांनो! अकरा वर्षांनी पाणी थेट वरच्या मजल्यापर्यंत चढलं. डोरीनने शिट्टी मारली आणि चारशे हात एकदम खाली आले. माझा एकही सांधा पाझरला नाही. सगळं पाणी धडधडत खाली आलं, आणि जाता जाता मेव्हण्याच्या पाइपांतून थोडं हॅल्विककडे वळलं. मी ते अडवलं नाही. खोटं कशाला बोलू, थोडा जोरही लावला. पाहुणे कोळंबीच्या बशा घेऊन खुर्च्यांवर चढले. हॅल्विक घोट्यापर्यंत घाणीत उभा, आणि कॅमेरे चालू.

मतदानात वाढीव कराचा प्रस्ताव आपटला. पावाच्या दुकानदाराने डोरीनच्या घरी जाऊन माफी मागितली. नगरसभेने जुना करार वाचून काढला. हॅल्विकला आणखी नऊ वर्षं इथेच राहायचं आहे आणि माझी डागडुजीही करायची आहे. ती तपासायला गावाने डोरीनला नेमलं. तिने एकच अट घातली. दर हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी मुख्य व्हॉल्व्ह भाडेकरूने स्वतःच्या हाताने उघडायचा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. कुणी तुम्हाला एखादी वस्तू निकामी झाली असं सांगितलं, तर तिचं पाणी कुणी बंद केलं, तेवढं आधी बघून या. आता शेवटी 'मी त्याला क्षमा केली' असं म्हणायची रीत आहे. मी केलेली नाही.

दर एप्रिलमध्ये हॅल्विक उंची बूट घालून बोगद्यात उतरतो. व्हॉल्व्ह जमिनीलगत आहे, म्हणून त्याला गुडघे टेकावे लागतात. चाळीस फेरे असतात. विसाव्या फेऱ्याला तो घामाघूम होऊन वर बघतो.

"पुरे का?"

डोरीन सॉसेजचा घास चावत शांतपणे सांगते, "अर्धाच झालाय, साहेब."

आणि मी चाक आणखी घट्ट धरून ठेवतो.