‘हो’च्या आधी

बाबांचं चष्म्यांचं दुकान आहे आणि माझा धंदा लोकांना हसवायचा. एका टीव्ही मालिकेसाठी आम्ही चारपाच जण मिळून विनोद लिहितो, आणि आठवड्यातून एकदा मी पॉडकास्टवर लोकांना नको ते प्रश्न विचारते. चांगली नोकरी सोडून मी या भानगडीत पडले तेव्हा बाबा काहीच बोलले नाहीत. आजतागायत बोललेले नव्हते. ते मालिका बघतात की नाही, हेसुद्धा घरात कुणाला धड माहीत नव्हतं.

आई म्हणायची, "मला कशाला विचारतेस? तोंड दिलंय ना देवाने, त्यांनाच विचार."

समोरासमोर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मध्ये माईक ठेवला. माईक असला की मी कुणालाही काहीही विचारू शकते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, हेडफोन उलटा लावला, मग भिंगं, फ्रेमा आणि तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं यांवर झकास बोलले. शेवटी मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "बाबा, मी लिहिलेल्यावर तुम्ही कधी हसलात?"

बाबांनी चष्मा काढून हातात घेतला. मग म्हणाले, "हो."

मला इतका आनंद झाला की पुढचे प्रश्न साफ विसरले.

आमचं रेकॉर्डिंग साफ करणाऱ्या बाईंना आम्ही ‘कात्री’ म्हणतो. लोकांचं अं-अं, खोकले आणि गप्प बसणं त्या पालेभाजीतली जून देठं काढावीत तसं काढून टाकतात. श्रोत्यांना शांतता सोसत नाही, ते सरळ पुढे ढकलतात, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. भाग लागला तेव्हा माझा प्रश्न संपतो न संपतो तोच बाबांचा खणखणीत "हो" आला. लोक विरघळले. बाप असावा तर असा, वगैरे. मी स्वतः तो तुकडा किती वेळा ऐकला ते सांगायची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन. "माझं उत्तर कापलंस तू."

"बाबा, एकच तर शब्द होता. अख्खा ठेवलाय."

"त्याच्या आधीचं."

"त्याच्या आधी काही नव्हतंच."

"काही नव्हतं?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला. नंतर उचलेचनात.

आई वैतागली. "काय करून ठेवलंस गं? लोक दुकानात येऊन कौतुक करतायत, आणि हे तोंड पाडून बसलेत."

त्याच्या आधी होतं तरी काय? मला चैन पडेना. मी कात्रीबाईंकडे गेले आणि मूळ रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. माझा प्रश्न येतो. खुर्ची करकरते. चष्म्याची काडी मिटल्याचा आवाज. मग शर्टाच्या टोकाने काच पुसल्याची खसखस. शर्टाने पुसू नका म्हणून गिऱ्हाइकांना जन्मभर दटावणारा हा माणूस! मग "तसं..." म्हणून पुटपुटणं. परत काही नाही. बराच वेळ काही नाही. मग "हो."

"फारच लांबलं होतं गं," कात्रीबाई म्हणाल्या. "म्हणून काढलं."

विनोदाआधी किती थांबायचं, यावर माझं पोट चालतं. आणि सख्खा बाप समोर बसून एवढा थांबला, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ही खोटं बोलण्याआधीची शांतता असली तर? चारचौघांत लेकीचं मन कशाला मोडा, म्हणून म्हटलेलं "हो"?

तडक दुकानात गेले. बाबांनी मान वर केली आणि डोळे तपासायच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. बरेच दिवस तपासले नाहीत तुझे."

नाकावर ती जड फ्रेम चढली. त्यांनी एक काच घातली, मग दुसरी. "आता स्पष्ट, की आता?"

"आता."

"बघून सांग. घाईत सांगितलं की चुकीचा नंबर लागतो, आणि शिव्या मला बसतात."

मी नीट बघितलं. मग म्हटलं, "बाबा, त्या ‘हो’च्या आधी काय चाललं होतं?"

"आठवत होतो. कधी हसलात, असं विचारलंस. मग सगळे भाग एकदा डोळ्यांपुढून जायला नकोत?"

"सगळे? तुम्ही सगळे बघितलेत?"

"दुकानात टीव्ही काय शोभेला ठेवलाय?"

मी नाकावरची जड फ्रेम सावरली. "मग?"

"एकदा हसलो होतो."

"एकदा?"

"एकदाच. पण हसलो होतो, म्हणून हो. तू असं ऐकवलंस की जसा काही मी येता-जाता हसत असतो."

"कशावर हसलात?"

"तो म्हातारा चष्मा शोधत असतो बघ. शेजारीण म्हणते, चष्म्याशिवाय तो दिसणार कसा तुम्हाला? तर म्हणतो, म्हणून तर आधी जुना चष्मा शोधतोय." सांगतानाही त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "ऐकल्याबरोबर म्हटलं, ही आपलीच कार्टी. चष्मेवाल्याच्या घरात वाढल्याशिवाय हे सुचायचं नाही. तूच लिहिलंस ना ते?"

ते गालफुग्याने लिहिलं होतं. गालफुग्या म्हणजे माझ्या शेजारी बसणारा लेखक. त्याची नजर घारीची, चष्म्याला त्याने आयुष्यात हात लावलेला नाही.

"हो" अगदी जिभेवर होतं. बाबा हातात काच धरून उभे होते. त्यांनी घाई केली नाही, पुन्हा विचारलंही नाही. गिऱ्हाईक नीट बघेपर्यंत थांबायचं, हीच त्यांची आयुष्यभराची सवय. खुर्ची करकरली. या खेपेला माझी.

"नाही," मी म्हटलं. "उलट मीच म्हणत होते, जुनाट आहे, काढून टाका."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. हातातली काच खाली ठेवावी लागली. काउंटर धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, मग चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. मी त्यांना इतकं हसताना कधीच बघितलं नव्हतं.

मी त्यांचं हसणं संपायची वाट बघितली.

"मग आता दोनदा?"

बाबांनी चष्मा परत चढवला. खाली बघून विचार केला. चांगला सावकाश केला.

"दोनदा," ते म्हणाले.