विकल्या गेलेल्या प्रती

जुन्या पुस्तकांच्या धंद्यात सहा वर्षं काढल्यावर वेनिंग एक गोष्ट पक्की शिकली होती, ती म्हणजे विकणारा काय मागतो याकडे बघायचंच नाही. मागायला काय जातं? एकाच पुस्तकाला एक जण चाळीस हजार इंडोनेशियन रुपिया मागतो, दुसरा चार लाख, आणि दोन्ही प्रती वर्षानुवर्षं तशाच पडून राहतात. खरी किंमत कळते ती विकल्या गेलेल्या प्रतींवरून. फोनवर 'विकलेली' हा रकाना उघडायचा, ती प्रत आपल्यासारखीच आहे का, पुठ्ठा शाबूत आहे का, वाळवीनं कुठवर मजल मारली आहे, हे नीट बघायचं आणि मगच आपला आकडा ठरवायचा.

या वेळची पुस्तकं मात्र परक्याची नव्हती, तिच्या वडिलांचीच होती. विर्यांतो गुरुजींना हृदयाचा दुसरा झटका येऊन गेला आणि दवाखान्यातून मलांगच्या घरी परतल्यावर आठवड्याभरात त्यांनीच विषय काढला.

"मी गेल्यावर तुम्ही दोघं भावंडं रद्दीवाल्याला हाक मारणार, मला ठाऊक आहे. त्यापेक्षा माझ्या डोळ्यांदेखत जाऊ देत. कुणाच्या घरी गेली ते तरी कळेल."

"बाबा, काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरीच नाही. तू कर सुरुवात."

ज्या माणसानं चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि वर्गात कधी दुसऱ्यांदा सांगितलं नाही, त्याच्यापुढे कोण बोलणार? वेनिंगनं मुकाट्यानं पहिलं कपाट उघडलं.

सुरुवात स्वयंपाकाच्या एका जुन्या पुस्तकापासून झाली. ते गुरुजींनी लग्नानंतर बायकोसाठी घेतलं होतं आणि सांबल या तिखट चटणीच्या पानावर तेलाचा भलामोठा डाग होता. वेनिंगनं फोनवर शोधलं. विकलेली एकच प्रत सापडली, एक लाख पंच्याऐंशी हजाराला गेलेली. तिनं फोटो मोठा केला. सांबलच्या पानावर डाग होता. पुढच्या फोटोत पहिलं पान होतं आणि त्यावर जांभळ्या शाईत, गुरुजींच्या उजवीकडे झुकणाऱ्या अक्षरात, त्यांचं नाव, गावाचं नाव आणि तारीख होती.

तिनं मांडीवरचं पुस्तक उघडलं. तेच नाव, तीच तारीख, शाईचा तोच एक थेंब.

"बाबा, या पुस्तकाची दुसरी प्रत होती का आपल्याकडे? कुणाला विकली होतीत?"

"मी? विकेन?" सोयाबीनच्या तळलेल्या तेंपेचा तुकडा हातात तसाच धरून गुरुजी तिच्याकडे बघत राहिले. "अगं, मी तर शेजाऱ्याला वाचायलासुद्धा देत नाही. तुझ्या आईनं किती शिव्या घातल्यात त्यावरून!"

दुसऱ्या दिवशी नकाशांचं मोठं पुस्तक काढलं. फोनवर तीही प्रत विकलेली होती, आणि सुमात्राच्या नकाशावर धाकट्या भावानं, पांजीनं, लहानपणी पेन्सिलीनं काढलेली होडी फोटोत अगदी स्वच्छ दिसत होती. मग अरबी वळणाच्या जावी लिपीतल्या मलय लोककथा, मग झाडपाल्याच्या औषधांचं पुस्तक. ज्याला हात लावावा ते आधीच विकलेलं, आणि विकणारं दुकान दर वेळी एकच, 'जुनी पानं, मलांग' नावाचं. दुकानाला निरोप पाठवला की काही उत्तर येत नसे. वेनिंगच्या जिवाला चैन पडेना. चहा ओतून ठेवायची आणि विसरायची, दाराला कडी घातली का ते तीनतीनदा बघायची.

शेवटी तिनं बालिकपापान शहरात राहणाऱ्या या भावाला फोन लावला. पांजी मनसोक्त हसला.

"ताई, लोक फोटो चोरतात गं. तुझेच फोटो उचलून कुणीतरी दुकान थाटलं असेल. एवढी सहा वर्षांची मुरलेली तू, आणि तुलाच टोपी घातली!"

"पांजी, मी अजून फोटो काढलेलेच नाहीत."

मग तो म्हणाला, "तू नीट झोपत जा बघू."

तरीही हट्टानं तिनं फोटो काढले, त्याच किमती लावल्या आणि वीस पुस्तकं विक्रीला ठेवली. पंधरा दिवसांत एकानंही विचारलं नाही. विकल्या गेलेल्या वस्तूला पुन्हा गिऱ्हाईक कुठून येणार, असं तिच्या मनात आलं, आणि त्या विचाराची तिला स्वतःलाच भीती वाटली.

त्या दुकानाच्या पानावर गिऱ्हाइकांचे अभिप्राय असतील, हे तिला त्यानंतर सुचलं. अभिप्राय पुष्कळ होते. 'पुस्तक नीट पोचलं. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.' 'बांधणी उत्तम. अल्लाह त्यांना जन्नत देवो.' 'अशा प्रसंगातही वेळेवर पाठवलंत, आभार.' एकाखाली एक, तीसचाळीस अनोळखी माणसं सांत्वन करत होती.

वेनिंग उठून बाहेरच्या खोलीत गेली. गुरुजी खुर्चीत डुलकी घेत होते. त्यांची छाती वरखाली होते आहे ना, हे बघत ती किती तरी वेळ दारात उभी राहिली. बाबा हवे होते तिला, अजून पुष्कळ वर्षं हवे होते.

त्याच दुपारी तिनं विक्रीला ठेवलेलं एकूण एक पुस्तक मागे घेतलं आणि सगळी पुन्हा कपाटात लावली. घरातून एकही पुस्तक बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं तिनं ठरवलं. पुस्तकं गेलीच नाहीत तर तो दुखवटा तरी कशाचा? हिशेब वेडगळ होता, हे तिला कळत होतं, पण धरायला दुसरं काही नव्हतं. ती रोज त्यांच्या गोळ्या मोजून द्यायला लागली, ते न्हाणीघरात गेले की बाहेर उभी राहून हाका मारायला लागली.

"अगं, अंघोळ तरी करू देशील का नाही?" गुरुजी आतून ओरडायचे. "आणि पुस्तकं का परत लावलीस? मी तुला एक काम सांगितलं होतं!"

"भाव पडलेत, बाबा. थोडं थांबू."

"भाव पडलेत म्हणे. मला काय शाळेतलं पोर समजतेस?"

गुरुजींची तब्येत मात्र सुधारत गेली. महिन्याभरात ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालून यायला लागले. डॉक्टरांनी औषधं कमी केली. त्या सकाळी कित्येक दिवसांनी वेनिंगला पोटभर भूक लागली. खाऊन झाल्यावर ती ओसरीवर पाय पसरून बसली आणि धीर करून, शेवटचंच म्हणून, ते पान पुन्हा उघडलं.

अभिप्राय तसेच होते. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत 'विक्रेत्याचं उत्तर' असं लिहिलेलं होतं. मागच्या वेळी भीतीच्या भरात तिकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. तिनं पहिल्यावर बोट टेकवलं.

'आपण सांत्वन केलंत, आभारी आहे. या सगळ्यांच्या किमती माझ्या लेकीनं जाण्याआधीच काढून ठेवल्या होत्या. मी म्हातारा नुसता पाठवायचं काम करतो.'

तिनं दुसऱ्यावर बोट टेकवलं. तेच उत्तर. तिसऱ्याखालीही तेच.

"वेनिंग!" आतून गुरुजींची खणखणीत हाक आली. "तू कंटाळलीस ना, म्हणून मीच 'जुनी पानं' नावाचं दुकान उघडलं बघ आज फोनवर. पांजीनं शिकवलं. स्वयंपाकाच्या पुस्तकाचा फोटो तर झकास आलाय. आता किंमत तेवढी सांग, पोरी."