पाचवी सत्ती

आतल्या खोलीत पडल्या पडल्या तपासनिसांना पत्ते पिसल्याचा आवाज आला आणि त्यांना एकदम बरं वाटलं. बायको गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षांत, या घरात पत्त्यांना कुणी हात लावला नव्हता. रविवारची दुपार आहे, भाऊ-बहीण बऱ्याच दिवसांनी एकत्र आलेत, बसली असतील जुन्या आठवणी काढत, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. अलीकडे या कामात ते चांगलेच तरबेज झाले होते.

तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून वजनं आणि तराजू तपासले. तराजूत रतीभर खोट दिसली तर सख्ख्या मेहुण्यालाही शिक्का मारून द्यायचे नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. ती थाप नव्हती. मेहुणा त्यांच्याशी अजून बोलत नव्हता.

घरातही तोच खाक्या. खिडकीजवळची कॉट कुणाची, नव्या सायकलवर पहिली फेरी कुणाची, असले सगळे तंटे जेवणाच्या टेबलावर पत्त्यांनी सुटायचे. पाच पानांचा पोकर, पैशांच्या जागी मुलांच्या आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं आणि चारही दुर्र्या जोकर. दुर्री हातात आली की तिला हवं ते पान मानायचं. आता हवं ते म्हटल्यावर भांडणं होणारच. मग तपासनीस निकाल द्यायचे आणि आई तो नंबर घालून वहीत उतरवायची. असे एकेचाळीस नियम झाले होते. वही अजून टेबलाच्या खणातच होती.

"बाबा, जरा बाहेर येता का? एक निकाल द्यायचाय," थोरल्याने हाक मारली.

तपासनीस उठले. सदरा चढवला, वरपर्यंत बटणं लावली, केसांवरून फणी फिरवली. आपल्याला कुणीतरी काहीतरी विचारतंय, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडल्यापासून आणि दोनदा गॅस चालू राहिल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, नुसतं सांगत होतं.

वहीतला पहिलाच नियम असा होता की पणाला काय लागलंय ते पाहिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. म्हणून त्यांनी खुर्ची ओढून आधी टेबलाच्या मध्यभागी पाहिलं. तिथे बटणं नव्हती. त्यांची निळी फाईल होती. औषधांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट, पडल्यानंतरचा एक्स-रे, सगळं त्यांचंच.

"बटणं कुठायत?"

थोरल्याचं चष्म्यांचं दुकान. त्याने उगाचच स्वतःचा चष्मा काढून पुसला. लेक दवाखान्यात परिचारिका होती. ती आपल्या नखांकडे बघत बसली.

"हरेल त्याने फाईल न्यायची, असं का?" तपासनिसांनी विचारलं.

थोरला म्हणाला तसं नाही, मग म्हणाला तसंच, पण वाईट अर्थाने नाही. तीन दिवस बोलतोय, घोडं काही पुढे सरकत नाही. हा फ्लॅट तर सोडायचाच आहे. आणि या घरात सगळं असंच ठरायचं ना?

तपासनिसांना रागवायचं होतं, पण राग आलाच नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं. ही रीत त्यांनीच घालून दिली होती, आणि दोघंही ती नेमाने पाळत होती. त्यांनी टेबलाची कड धरली आणि पानं दाखवा म्हणाले.

थोरल्याकडे तीन एक्के, एक दुर्री आणि गुलाम. म्हणजे चार एक्के. लेकीकडे तीन सत्त्या आणि दोन दुर्र्या. तिचं म्हणणं, या पाच सत्त्या झाल्या, पाच सारख्या पानांच्या वर काही नाही. थोरल्याचं म्हणणं, पत्त्यांच्या जोडात सत्त्या चारच असतात, पाचवी आणायची कुठून?

हा तंटा नवा नव्हता. लेक दहा वर्षांची असताना तिच्या हातात अशाच पाच राण्या जमल्या होत्या. ती खुर्चीवर उभी राहून नाचली होती. तपासनिसांनी शांतपणे सांगितलं होतं की जे पान जोडात नाही ते जोकरलाही होता येत नाही. चारच राण्या धरायच्या. ती हरली. रात्री जेवली नाही. बायको म्हणाली होती, एकदा डोळेझाक केली असती तर तुमचा काय तराजू मोडला असता? आणि तरी वहीत लिहिलं होतं: नियम चौदावा.

आता तपासनिसांनी हिशेब केला. लेकीच्या दोन खोल्या, त्यातल्या एकीत अंथरुणाला खिळलेली सासू. दिवसभर परक्यांना उचलायचं, घरी येऊन सासूला उचलायचं, वर आता बाप. थोरल्याकडे जागा होती. माया नव्हती, पण जागा होती. तिकडे आपल्याशी कुणी बोलणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी आयुष्यातला पहिला खोटा शिक्का मारायचं ठरवलं.

"पाच सत्त्या," ते म्हणाले. "लेक जिंकली."

थोरल्याचा चेहरा उतरला. तरी तो मुकाट्याने फाईलकडे हात न्यायला लागला. बाबांचा निकाल म्हणजे निकाल, हे त्याच्याही हाडीमासी खिळलं होतं.

"थांब दादा," लेक म्हणाली. तिने खण ओढला, वही काढली आणि न शोधता ते पान उघडलं. आईचं तिरकं अक्षर. "चौदावा नियम, बाबा."

"तो मी बदलला," तपासनीस घाईने म्हणाले. "चूक होती ती माझी."

"नवा नियम पुढच्या डावापासून," थोरला पटकन बोलला. "हेही तुमचंच आहे. नियम तिसरा." आणि बोलून झाल्यावर त्याने मान खाली घातली.

तपासनिसांनी लेकीकडे पाहिलं. "अगं, मी देतोय ना तुला. घे की."

"मला तेव्हा हवं होतं, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. दमलेला होता. "आता घेतलं तर तुम्ही दादाकडे बसून आयुष्यभर म्हणाल, लेकीसाठी खोटं बोललो. ते ओझं नको मला. त्यापेक्षा तुम्ही परवडलात."

तिने फाईल उचलून पिशवीत घातली. पिशवीत आधीच सासूची फाईल होती. दोन्ही मावेनात, म्हणून तिने एक उभी केली. थोरला उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सामान न्यायला गाडीची सोय मी करतो, असं तो तिकडे तोंड करूनच म्हणाला. सुटका झाल्याचं त्याच्या खांद्यांवर दिसत होतं, आणि त्याची त्यालाच लाज वाटत होती.

तपासनीस वही समोर घेऊन बसले. आपल्याला लेकीकडे जायला आवडलं असतं, तिने एकदा नुसतं या म्हटलं असतं तर. पण ती म्हणाली नव्हती. ती हरली होती.

त्यांनी पेन मागितलं. शेवटच्या नोंदीखाली, आईच्या अक्षराखाली, त्यांनी आपल्या हाताने लिहिलं: नियम बेचाळिसावा. पाच सारखी पानं धरावीत. लागू पुढच्या डावापासून.

मग पत्ते गोळा केले, चारही दुर्र्या वेचून वर ठेवल्या आणि जोडाला रबर लावून तो लेकीच्या पिशवीत टाकायला गेले. ती म्हणाली, "ते राहू द्या, बाबा. तिकडे जागा नाही."