गडूतलं आभाळ

मी एक गडू आहे, तांब्याचा, मुठीत मावेल एवढा. खरं तर मला बोलायचं नव्हतं. काशीला माझ्यात गंगा भरून माझं तोंड कथलानं झाळून बंद केलं, तेव्हाच माझं काम ठरलं होतं: गप्प बसायचं आणि एका माणसाच्या शेवटच्या घटकेला उघडायचं. ते तोंड एका चित्रकारानं भलत्या वेळी फोडलं. म्हणून बोलतो. त्याच्याविषयी गोड बोलेन अशी आशा धरू नका.

मला काशीहून आणलं निफाडच्या तानुबाईंनी. यात्रेहून परतल्यावर त्यांनी मला स्वतःच्या घरात ठेवलं नाही, नाशकात दिलेल्या लेकीच्या हाती सोपवलं. "सून विसरंल, तू नाय विसरायची," त्या म्हणाल्या. "माझ्या वेळेला घेऊन ये." वत्सलाबाईंनी मला देवघरात ठेवलं. रोज त्या मला हळदकुंकू वाहायच्या आणि आईचं आयुष्य मागायच्या.

त्यांचा नवरा सावळीराम शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. रविवार उजाडला की सायकलला फळी बांधून डोंगर काढायला निघायचा. घाट, देवळं, रथ, लोक भिंतीवर लावतील असं काही त्यानं कधी काढलं नाही. शेजारच्या सिंधुबाई ओट्यावरून म्हणायच्या, "मास्तर, रामाच्या गावात राहून नुसते बोडके दगड काढता? एखादा मारुती तरी बसवा त्यांच्यावर!" तो हसायचा. वत्सलाबाई हसत नसत. "ह्यांना माणूस दिसतच नाही," एवढंच म्हणत.

कागद ओला करून तो रंग सोडायचा आणि ओल उडायच्या आत वरचा भाग पुरा करायचा. "आभाळ थांबत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जेवायला उशीर झाला तरी तेच, मेहुण्याच्या लग्नात अक्षता चुकल्या तरी तेच.

सन १९३४च्या चैत्रात तानुबाई अंथरुणाला खिळल्या. वत्सलाबाई आधीच निफाडला गेल्या होत्या. भाऊ नाथा याच्याकडून त्यांनी तार करवली: गडू घेऊन लगेच या. सावळीरामनं मला देवघरातून उचललं, धोतराच्या फडक्यात गुंडाळलं. गाडी चुकली होती, म्हणून सायकल काढली. मी पिशवीत होतो. शेजारी रंगाची पेटी होती. सासू मरणाच्या दारात असताना पेटी कशाला घ्यावी, हे मला आजही समजलेलं नाही.

आडगाव मागे पडलं आणि तो थांबला. मागं वळून बघत राहिला. चांभारलेण्याच्या डोंगरामागून अवकाळी ढग वर चढत होता, खालून तांबूस, वरून गर्द निळा. त्यानं कागद काढला. पाण्याची बाटली रिकामी निघाली.

विहीर होती. एका शेतापलीकडे मोट चालताना दिसत होती. त्यानं विहिरीकडे पाहिलं, ढगाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

चाकूच्या टोकानं त्यानं माझं झाळण उचकटलं. आधी चार थेंबच घेतले, हे खरं. मग त्याचं भान गेलं आणि कुंचला थेट माझ्यात बुडू लागला. पुन्हा पुन्हा. आभाळ त्याच पाण्यानं झालं, डोंगरही त्याच पाण्यानं. माझ्या पोटात काशीची गंगा काळीनिळी होत गेली, आणि तो माणूस सुखानं शीळ घालत होता.

निफाडला पोहोचला तेव्हा तानुबाईंचा श्वास चालू होता. नाथा दारातच म्हणाला, "दाजी, लय उशीर केला." वत्सलाबाईंनी मला घेतलं, आईच्या ओठाशी तुळशीचं पान धरलं आणि मला कलतं केलं. पानावर निळा थेंब पडला.

"हे काय हो दाजी? पाणी असं का हाय?" नाथा म्हणाला.

वत्सलाबाईंनी पान मुठीत मिटलं. आईला रांजणातलं पाणी पाजलं. तानुबाईंनी ते गंगा समजून घेतलं आणि डोळे मिटले. त्यांना फसवावं लागलं, आणि ते लेकीला करावं लागलं.

तेराव्यानंतर नाशकात परतल्यावर वत्सलाबाईंनी मला त्याच्या रंगपेटीशेजारी आदळलं. "आता हा तुमचाच." त्या घरात पुढं वाढणं झालं, धुणं झालं, बोलणं झालं नाही.

आणि त्या चित्राला मुंबईच्या प्रदर्शनात पदक मिळालं! लोक घरी येऊन म्हणत, "काय आभाळ उतरलंय, मास्तर!" आत भांडं आपटल्याचा आवाज येई. त्यानं ते चित्र विकलं नाही. पुढं पाच वर्षं मला समोर ठेवून त्यानं कितीतरी आभाळं काढली. एकही तसं जमलं नाही. मला बरं वाटायचं.

मग त्याच्या छातीत कफ दाटला. डॉक्टर हात धुऊन निघून गेले. दुपार होती. सिंधुबाई धावत आल्या. "वत्सलाबाई, रामकुंडावरनं पाणी आणू का?"

"नको. ह्या घरात काशीची गंगा आहे."

वत्सलाबाईंनी भिंतीवरचं चित्र उतरवलं, चौकटीच्या मागचे खिळे उपटले. मला घासूनपुसून घेतलं, माझ्यात घोटभर पाणी ओतलं. त्यात कापूस भिजवून त्या आभाळ पुसू लागल्या. ढग आधी गेला. कापूस त्या माझ्यात पिळत होत्या. सावळीराम ते बघत होता. त्यानं हात उचलला, अडवायला की कशाला, ते कळलं नाही. हात मध्येच पडला.

त्यांनी तुळशीचं पान त्याच्या ओठाशी धरलं. पाच वर्षांनी त्या त्याच्याशी बोलल्या.

"घ्या. माझ्या आईचं आहे."

त्यानं ते गिळलं.

मी त्याला क्षमा केलेली नाही. वत्सलाबाईंनी केली का, ते मी विचारू शकत नाही. चित्र पुन्हा भिंतीवर आहे आणि मी त्याच्याखाली फळीवर, रिकामा. वर कागद मळकट कोरा, खाली डोंगर तसेच. येणारे विचारतात, चित्र अर्धवट का? वत्सलाबाई फक्त चौकटीवरची धूळ पुसतात. डोंगरांना मात्र कोणाला हात लावू देत नाहीत.

त्यांना मूलबाळ नाही. म्हणून तुम्हाला सांगून ठेवतो. त्यांच्या वेळेला जवळ असाल, तर रामकुंडाकडे धावू नका. मला खाली घ्या, आणि भिंतीवरचे डोंगर माझ्यात उतरवा.