दुसऱ्या चाकातलं निकेल

दोन्ही साचे भरून झाले आणि हात पुसता पुसता तिची नजर वजनकाट्यामागच्या फळीवर गेली. निकेलचा एक डबा तसाच भरलेला होता.

फाउंड्रीत निकेल तोलून टाकायचं काम तिचं. एका क्रेनची दोन दातेरी चाकं ओतायची होती. साधं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, एवढ्या ओझ्याला टिकत नाही, म्हणून वितळलेल्या रसाच्या प्रत्येक बादलीत, म्हणजे दर चाकामागे, एक डबा निकेल पडायला हवं. पहिला डबा टाकलेला तिला आठवत होता. दुसऱ्या वेळी एका साच्यातून रस गळाला, आरडाओरडा झाला, आणि पुढचं काही केल्या आठवेना. की आपण चुकून तीन डबे भरले होते? ती कुणाला बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेतून निरोप आला, चाचणीसाठी त्याच रसातून ओतलेली कांडी पास. भट्टीचा मुकादम, म्हणजे तिचा थोरला भाऊ, खुशीत आला.

"सुटलो! आणि तुझं तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

पण कांडी पहिल्या बादलीतली होती, दुसऱ्या चाकाचं तिच्यावरून काहीच कळत नव्हतं. गप्प बसलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"दादा, दुसऱ्या चाकात निकेल पडलंय की नाही, मला खात्री नाही."

"खात्री नाही म्हणजे? टाकलंस की नाही?"

"आठवत नाही रे."

"आठवत नाही! उद्या माल जायचाय. मालक माझी सालटी काढतील."

"त्या क्रेनखाली माणसं उभी राहतात, दादा."

दादा हातोडा घेऊन गेला, दुसऱ्या चाकाला चिकटलेल्या जादा बिडाचा तुकडा त्याने स्वतः तोडला आणि तपासायला दिला. दीड तास ती बाकावर बसून होती. चहा पुढ्यात गार झाला. अखेर कागद आला. निकेल नावालाही नव्हतं.

दादाने कागद दोनदा वाचला. "फोडा ते चाक, घाला परत भट्टीत," तो कामगारांना म्हणाला आणि मालकांना फोन लावायला आत गेला. "हो साहेब, चूक आमचीच," एवढं तिला दारातून ऐकू आलं.

बाहेर येऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. "कालच बोलली असतीस तर एक दिवस वाचला असता. ऊठ आता, निकेल तोल. मोठ्याने मोज, मला ऐकू येईल असं."

ती उठली. डबा काट्यावर ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "एक!"