आठवड्यातून एकदा

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसून तिने कधी कप संपवला नव्हता; अर्धा चहा ओट्यावर, उरलेला दाराशी चपला घालताना. औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला गेल्यावर तर तिची पार धावपळ उडाली. सकाळी मोठ्या हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर प्रशिक्षण, दुपारी कॉलेजात तास, आणि मधे पाऊण तासाची बस.

खिडकीवरच्या मुख्य फार्मासिस्टना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. त्यांचा नियम साधा होता. विद्यार्थ्याने काढलेलं औषध त्यांनी चिठ्ठीशी ताडून बघायचं, सही करायची, मगच ते खिडकीबाहेर जायचं. पहिल्या महिन्यात भिंगरीच्या दोन बारीक चुका त्यांनी पकडल्या. पुढच्या दोन महिन्यांत एकही सापडली नाही. हळूहळू तिची पाकिटं आली की सर चष्मा न लावताच सही करू लागले.

त्या गुरुवारी कॉलेजात तोंडी परीक्षा होती. बस सुटायला वीस मिनिटं, आणि खिडकीसमोर मारुतीच्या शेपटीसारखी रांग. हात गोळ्या काढत होते, ओठ उत्तरं घोकत होते. बारा वाजता ती निघाली, धावत बस पकडली आणि परीक्षकांसमोर बसली. त्यांनी विचारलं, “मेथोट्रेक्सेट. संधिवाताच्या रुग्णाला कसं द्याल?”

“आठवड्यातून एकदा,” ती ताडकन म्हणाली. “रोज दिलं तर विषबाधा होते. तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात, जिवावर बेतू शकतं.”

पैकीच्या पैकी गुण मिळाले.

सोमवारी सकाळी खिडकी उघडायच्या आधी ती प्रशिक्षणाची वही पूर्ण करायला बसली. दिलेल्या प्रत्येक औषधाच्या लेबलची जादा प्रत वहीत चिकटवायची असे. गुरुवारच्या प्रती तिने खिशातून काढल्या. तिसरीवर छापलं होतं : मेथोट्रेक्सेट. रोज एक गोळी, जेवणानंतर.

तिने पुन्हा वाचलं. कॉम्प्युटरवर औषधाचं नाव टाकलं की ‘रोज एक’ आपोआप यायचं. ते बदलावं लागायचं. तिने बदललं नव्हतं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. चार गोळ्या.

शेजारी बसलेल्या मैत्रिणीला तिने लेबल दाखवलं. मैत्रिणीने आधी दाराकडे बघून घेतलं. मग हळूच म्हणाली, “वहीत नको चिकटवूस. फोन करून सांग फक्त, आठवड्यातून एकच घ्या म्हणावं. कशाला उगाच गावभर? तुझंही वर्ष जाईल आणि सरांचंही नाव खराब होईल.”

भिंगरीने नोंदीतला नंबर लावला. बंद होता. पुन्हा लावला. ती उठली, दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा दारापर्यंत गेली. सर कपाटाची कुलपं काढत होते.

“सर, माझ्या हातून चूक झालीय.”

त्यांनी लेबल घेतलं. चष्मा लावला. मग गठ्ठ्यातून गुरुवारची चिठ्ठी शोधून काढली. डॉक्टरांनी स्वच्छ अक्षरात ‘आठवड्यातून एकदा’ लिहिलं होतं आणि खाली सरांची सही होती. ते त्या सहीकडे बघत राहिले.

“मी वाचलंच नाही,” ते म्हणाले. “पत्ता काय आहे?”

“पाण्याच्या टाकीमागे, शाळेसमोर. रुग्णाचं वय अडुसष्ट. पुस्तकबांधणी करतात.”

“तू जा. आहेत तसे घेऊन ये, पाकिटासकट. मी डॉक्टरांना कळवतो, उताऱ्याचं इंजेक्शन काढून ठेवतो. रडायचं असेल तर नंतर रड.”

तिच्या दादाचं गॅरेज हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत होतं. ती धापा टाकत पोचली तेव्हा तो एका गाडीखाली आडवा झालेला होता.

“दादा, ऊठ. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, चाक उघडं टाकून कसा येऊ?”

“माणूस मरेल, दादा!”

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात तसेच काळे ठेवून गिऱ्हाइकाची चारचाकी बाहेर काढली. वाटेत त्याने एकही प्रश्न विचारला नाही. शाळेसमोर मात्र सगळी घरं एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं अशी. भिंगरी एकेक दार ठोठावत सुटली. तिसऱ्या दारातून पुस्तकबांधणीच्या खळीचा आंबूस वास आला आणि ती थांबली.

बाइंडर आजोबा खाली सतरंजीवर बसले होते. भोवती शिवायच्या वह्यांचे गठ्ठे. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजलेले, तरी हातात दाभण होतं. हॉस्पिटलमधून आले म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने मान हलवली.

“घरी येऊन चौकशी करता? वा.”

“आजोबा, त्या नव्या पाकिटातल्या किती गोळ्या घेतल्या?”

“चार. गुरुवारपासून रोज एक. एकही चुकवली नाही.” मग त्यांनी गालाला हात लावला. “कालपासून तोंड मात्र सोलवटलंय. पाणीसुद्धा झोंबतं.”

“डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“ते आठवड्यातून एकदा म्हणाल्यासारखं वाटलं होतं. पण मला ऐकू कमी येतं. घरी येऊन पाकीट बघितलं तर रोज. म्हटलं, आपलाच कान दगा देतोय. चाळीस वर्षं छापील कागद शिवतोय, पोरी. छापलेलं खोटं असेल असं मनातही आलं नाही.”

“डॉक्टरांचंच बरोबर होतं. पाकिटावरचं चुकलं. ते मी छापलं होतं.”

त्यांनी दाभण खाली ठेवलं. आतून सून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

“शिकाऊ माणसांच्या हातात औषधं देतातच कशी? आमच्या माणसावर हात साफ करता होय?”

भिंगरीने मान खाली घातली. “ताई, मला वाटेल ते बोला, पण गाडीत बसून बोला. यावर उतारा आहे. जितका उशीर होईल तितकं अवघड होईल.”

सून गाडीत बसली आणि खरोखरच वाटभर बोलत राहिली. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. दादाने एकदाच, “ताई, पट्टा लावा,” म्हटलं.

रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी घसरायला लागलेल्या दिसल्या. आजोबांना वेगळ्या खोलीत ठेवलं. उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. पुढचे दिवस भिंगरीने जिन्यात काढले. वर जायची, नर्सला आकडा विचारायची, खाली यायची, तासाभराने पुन्हा वर.

“आकडा दिवसातून एकदाच येतो गं,” नर्स म्हणाली. “तुझ्या फेऱ्यांनी पेशी वाढणार आहेत का?”

घरी आईने ताट वाढलं की ती दोन घास खाऊन उठायची. आई म्हणाली, “बस जरा.” ती बसली आणि पुन्हा उठली. बुधवारी आकडा आणखी खाली गेला. गुरुवारी आणखी. त्या दिवशी सून जिन्यात भेटली, पण मान वळवून निघून गेली. त्यापेक्षा तिने शिव्या दिलेल्या बऱ्या होत्या. शुक्रवारी आकडा तिथेच अडला. शनिवारी चढला.

नर्सने वरूनच ओरडून सांगितलं. भिंगरी होती त्या पायरीवर मटकन बसली आणि मग रडली.

चौकशी कॉलेजच्या प्राचार्यांसमोर झाली. सर सगळा दोष स्वतःवर घेतील अशी भिंगरीला कुठेतरी आशा होती, आणि त्या आशेची लाजही वाटत होती. सरांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, “लेबल तिचं चुकलं. तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. सही मात्र केली.” त्यांना लेखी ताकीद मिळाली. भिंगरीचं तीन महिन्यांचं प्रशिक्षण रद्द झालं; ते पहिल्यापासून करायचं. तिच्या बरोबरीची मुलं पदवी घेऊन गेली तेव्हा ती त्याच खिडकीत होती. कॉम्प्युटरवरचं आपोआप येणारं ‘रोज एक’ मात्र सरांनी लिखापढी करून काढून टाकायला लावलं. आता ती जागा कोरी यायची. प्रत्येक वेळी हाताने भरावी लागायची.

चौकशीनंतर महिन्याभराने बाइंडर आजोबा खिडकीशी आले. जरा वाळले होते. भिंगरीने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. त्यांनी चिठ्ठी मागे घेतली.

“तुझ्याकडून नको, पोरी. सरांना बोलव.”

“हो, आजोबा.”

“तू घरी आलीस, खरं सांगितलंस, ते मी विसरणार नाही. पण भीती बसलीय. खोटं कशाला बोलू?”

सरांनी औषध काढलं, चष्मा लावून दोनदा वाचलं, आजोबांकडून मोठ्याने वाचून घेतलं. भिंगरी बाजूला उभी होती. तिला तिथून पळून जावंसं वाटत होतं. ती हलली नाही. आजोबा गेल्यावर पुढच्या बाईंनी चिठ्ठी सरकवली. भिंगरीने एकेक शब्द बोटाखाली धरून वाचला, लेबल भरलं, पुन्हा चिठ्ठीशी लावलं.

“अहो, आज देणार की उद्या?” रांगेतून कुणीतरी ओरडलं.

“आजच,” ती म्हणाली. “पण थोडा वेळ लागेल.”